आंदोलन तुमचं, किंमत कोणाची?

वकील हा आधी नागरिक असतो. मग त्याने मोर्चात जावं, घोषणा द्याव्यात, प्रसंगी कायदा मोडावा का? आणि मोडला तर त्याची सनद राहावी का? महाडच्या तळ्यापासून आझाद मैदानापर्यंतचा हा प्रश्न लॉ करणाऱ्यांनी तर समजून घ्यावाच, पण बाकीच्यांनीही.

सीबीएस चौकातून मोर्चा जाणं यात नाशिककरांना काही नवल वाटत नाही. २०१८ च्या मार्च महिन्यात शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईकडे निघाला तो इथूनच. जिल्हाधिकारी कार्यालय जवळ, जिल्हा न्यायालयही जवळ. त्यामुळे घोषणा देऊन घसा बसलेले कार्यकर्ते आणि तारखेला आलेले वकील एकाच टपरीवर चहा घेताना दिसतात.

या गर्दीत लॉची मुलंमुलीही असतात. त्यांच्यात एक प्रश्न हमखास फिरतो. ‘मोर्चात गेलो, पोलिसांनी नाव लिहून घेतलं, तर पुढे सनद मिळेल ना?’ घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं : नसत्या भानगडीत पडू नकोस, आधी डिग्री पूर्ण कर. कॉलेजातला सिनिअर म्हणतो, काही होत नाही रे, घाबरतोस काय! दोघांचंही अर्धंच खरं आहे.

तुम्ही कॉमर्सला असाल, इंजिनीअरिंगला असाल, तरी हा विषय तुमचा आहे. कारण कधी ना कधी, भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटवरून का होईना, तुम्हाला वकील लागणार आहे. तेव्हा तो वकील तुमच्या बाजूने किती उभा राहील आणि स्वतःच्या भूमिकेसाठी तुम्हाला किती वापरेल, हे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

दोन घटना

पहिली घटना ताजी आहे. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात, भर सुनावणीत, एका ज्येष्ठ वकिलाने तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. गवई मूळचे अमरावतीचे, त्यामुळे महाराष्ट्रात त्याची जास्तच चर्चा झाली. गवई विचलित झाले नाहीत, त्यांनी कामकाज पुढे चालू ठेवलं. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्याच दिवशी त्या वकिलाची सनद तात्पुरती निलंबित केली. आपल्याला पश्चात्ताप नाही, असं त्या वकिलाने नंतर माध्यमांना सांगितलं. त्याच्या लेखी ते आंदोलनच होतं.

दुसरी घटना आपल्या जास्त ओळखीची. २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा विलीनीकरणासाठी संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. कॉलेजला एसटीने येणाऱ्यांनी तो चांगलाच सोसला आहे. या संपात अ‍ॅड. गुणरत्न सदावर्ते हे कर्मचाऱ्यांचे कोर्टातले वकीलही होते आणि आझाद मैदानावरचा मुख्य चेहराही. पुढे एका वकिलानेच त्यांच्याविरुद्ध तक्रार केली. वकिलाचा बँड आणि गाऊन घालून ते सार्वजनिक ठिकाणी आंदोलनात उतरले, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने त्यांची सनद दोन वर्षांसाठी निलंबित करण्याचा आदेश दिला. अशा आदेशावर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं.

तेव्हा तुमच्याही ग्रुपवर वाद झाला असेल. एक बाजू म्हणत होती, बरं झालं. दुसरी म्हणत होती, गळ्यात पांढरी पट्टी होती म्हणून दोन वर्षं रोजीरोटी बंद? हे बदल्याचं राजकारण नाही तर काय?

सदावर्ते आवडतात की नाही, हा भाग क्षणभर बाजूला ठेवू. तसं केल्याशिवाय मूळ प्रश्न दिसणारच नाही.

नियम काय म्हणतात?

भारतातली वकिली १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टवर चालते. त्याचं कलम ३५ महत्त्वाचं. वकिलाने ‘व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तन’ केलं, तर राज्याची बार कौन्सिल त्याला ताकीद देऊ शकते, काही काळ निलंबित करू शकते किंवा त्याचं नाव यादीतून कायमचं काढू शकते. यातला ‘अन्य’ हा शब्द लक्षात ठेवा. अशिलाचे पैसे खाणं किंवा खोटं प्रतिज्ञापत्र करणं, एवढ्यावर हे कलम थांबत नाही. कोर्टाच्या पायऱ्या उतरून खाली आल्यावर तुम्ही काय करता, हेही त्यात येऊ शकतं. हा शब्द रबरासारखा आहे, ताणाल तसा ताणतो. त्यामुळेच तो वापरणाऱ्या हातांवर लक्ष ठेवावं लागतं.

वर्तनाचे तपशील बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत आहेत. बँड आणि गाऊन कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालू नये, ठरवून दिलेले समारंभ सोडून, असा स्पष्ट नियम त्यात आहे. हा नियम काटेकोर लावायचा तर कोर्टाबाहेरच्या टपरीवर बँड न काढता चहा पिणारे निम्मे वकील अडचणीत येतील. तसं कोणी करत नाही, आणि करूही नये.

मग असा नियम आहेच कशाला? कारण गाऊन हा नुसता कपडा नाही. त्याच्यामागे कोर्टाचं वजन असतं. तो घातलेला माणूस काही बोलला, की समोरच्याला वाटतं, हे कायद्याने बरोबर असणार. मैदानात उभ्या असलेल्या कंडक्टरला, ज्याचा पगार तीन महिने थांबलाय, त्याला तर तसं वाटणारच. कोर्टाने दिलेलं वजन उसनं घेऊन ते कोर्टाबाहेर स्वतःच्या भूमिकेसाठी वापरायचं नाही, एवढाच त्या नियमाचा गाभा. तो टपरीवर मोडत नाही, मैदानावर मोडू शकतो.

पण माझ्या मते आझाद मैदानाने उभा केलेला खरा प्रश्न कपड्यांचा नव्हताच. तो भूमिकांचा होता. एकच माणूस तुमचा वकील आणि तुमचा नेता असेल, तर अडचणीच्या दिवशी तुम्हाला थंड डोक्याचा सल्ला कोण देणार? ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एसटी कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू व्हायला सांगितलं. अशा दिवशी नेत्याला गर्दी टिकवायची असते आणि वकिलाला अशिलाची नोकरी वाचवायची असते. त्या दिवशी तो या दोघांतला कोण असणार, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. हा पेच एका माणसाचा नाही. आणि तो नवाही नाही.

महाडचं तळं, काळारामाची दारं

हाच पेच जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका बॅरिस्टरपुढे उभा होता. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. हजारो माणसं महाडला निघाली. तेवढ्यात सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळ्याला हात लावायचा नाही. दाव्यात प्रतिवादी म्हणून खुद्द आंबेडकरांचं नाव होतं.

आता त्या मांडवात बसून विचार करा. पाणी पिणं हा माणूस म्हणून हक्क. गावोगावहून आलेले लोक तुरुंगात जायला तयार. परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालेलं, म्हणजे वातावरण तापलेलं. आणि आडवा आलाय तो एक कागद, तोही न्यायाच्या विरुद्ध बाजूने मिळवलेला. हुकूम झुगारला असता तर टाळ्यांचा कडकडाट झाला असता. अन्यायाविरुद्धच तर होता तो!

आंबेडकरांनी लोकांना थांबवलं. सत्याग्रह तहकूब केला आणि लढाई कोर्टात नेली. सनातन्यांशी वैर होतंच, त्यात सरकारशीही एकाच वेळी झुंज घेतली तर ती सगळ्यात गरीब माणसाच्या अंगावर शेकेल, हा हिशेब त्यामागे होता. दावा वर्षानुवर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाजूने निकाल दिला. तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षं! हा निर्णय सोपा नव्हता आणि त्यावर नाराज झालेलेही होते. पण नेता आणि वकील एकाच देहात असताना, अडचणीच्या दिवशी वकिलाने नेत्याला अडवलं, असं हे उदाहरण आहे.

म्हणजे आंबेडकर आंदोलनाला कचरत होते का? उत्तरासाठी लांब जायला नको. सीबीएसवरून निघा, गोदावरी ओलांडा, पंचवटीत या. २ मार्च १९३० रोजी याच काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. आंबेडकर तेव्हा मुंबईत वकिली करत होते. नाशिकची आघाडी दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी सांभाळली. मंदिराची दारं बंद झाली, तसे सत्याग्रही स्त्री-पुरुष दरवाजांसमोर बसून राहिले. रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली, लोक जखमी झाले. हे सगळं जवळपास पाच वर्षं चाललं. आणि दारं उघडत नाहीत असं दिसल्यावर, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

महाडला थांबलेला माणूस नाशिकला पाच वर्षं लढत राहिला. दोन्हीकडे सूत्र एकच दिसतं. अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरायचं, पण ज्या न्यायालयासमोर आपण न्याय मागतो, त्याचा हुकूम आपल्याविरुद्ध गेला म्हणून पायदळी तुडवायचा नाही. तो तिथेच, कोर्टात, उलटवायचा.

ग्रेज इनचे दोन विद्यार्थी

इथपर्यंत वाचून वाटेल, की नियम पाळा म्हणजे झालं. पण गोष्टीची दुसरी बाजूही नाशिकचीच आहे.

आंबेडकर बॅरिस्टर झाले ते लंडनच्या ग्रेज इनमधून, १९२२ मध्ये. त्याच ग्रेज इनमध्ये त्यांच्याआधी नाशिकजवळच्या भगूरचा एक तरुण शिकत होता, विनायक दामोदर सावरकर. परीक्षा पास झाला, पण १९०९ मध्ये ग्रेज इनने त्याला बॅरिस्टर म्हणून सनद द्यायला नकार दिला. कारण राजकीय हालचाली. तेव्हा त्याच्यावर कुठल्याही कोर्टात गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. सावरकरांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, शिक्षा आधी आणि खटला नंतर, हा क्रम कोणत्याही लॉच्या विद्यार्थ्याला खटकायला हवा.

ज्यांच्या शिष्यवृत्तीवर सावरकर लंडनला गेले, त्या श्यामजी कृष्ण वर्मांचं नाव इनर टेंपल या संस्थेने त्याच वर्षी बॅरिस्टरांच्या यादीतून काढलं. त्यांचा गुन्हा ब्रिटिश राजवटीविरुद्ध लिहिण्याचा. आणि १९२२ मध्ये, राजद्रोहाच्या शिक्षेनंतर, याच इनर टेंपलने मोहनदास करमचंद गांधी हे नावही यादीतून खोडलं. गांधींचं नाव परत लागलं १९८८ मध्ये. वर्मांचं, २०१५ मध्ये. दोघेही तेव्हा हयात नव्हते.

मुंबई उच्च न्यायालयापुढेही हा प्रश्न आला होता. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध अहमदाबादच्या काही वकिलांनी सत्याग्रहाची शपथ घेतली. रौलट कायदे तर मोडूच, शिवाय एक समिती ठरवेल ते इतर कायदेही मोडू, अशी ती शपथ. तिथल्या जिल्हा न्यायाधीशाने उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि वकिलांना नोटिसा निघाल्या. कायद्यावर पोट भरणाऱ्याने कायदा पाळावा, असा कोर्टाचा एकूण सूर होता. शेवटी इशारा देऊन त्यांना सोडण्यात आलं. गांधींनी न्यायाधीशाचं ते पत्र ‘यंग इंडिया’त छापलं, म्हणून त्यांच्यावर अवमानाची कारवाई झाली आणि १९२० मध्ये त्यांनाही ताकीद मिळाली.

त्या कोर्टाचा सूर परक्या सत्तेचा होता, पण त्यातला एक मुद्दा आजही टोचतो. कोणता कायदा मोडायचा हे दुसरंच कोणी ठरवणार आणि मी आधीच हो म्हणून बसलोय! एखादा कायदा सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून मोडणं वेगळं. संघटना सांगेल तो मोडीन, हे वेगळं. दुसऱ्या प्रकारात वकिलाने आपलं डोकंच गहाण ठेवलेलं असतं. आणि अशील पैसे मोजतो ते त्या डोक्याचे.

संपाची तारीख आणि जामिनाचा अर्ज

वकिलांचं सगळ्यात नेहमीचं आंदोलन कोणतं? कामावर बहिष्कार. त्यामागे कारणं खरी असतात. जानेवारी २०२४ मध्ये राहुरीत वकील दाम्पत्याचा खून झाला, तेव्हा राज्यभरातल्या वकिलांनी काम थांबवून संरक्षण कायद्याची मागणी केली. आपल्याच व्यवसायातली दोन माणसं मारली गेल्यावर कोणाचं रक्त उसळणार नाही?

तरीही सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं स्पष्ट आहे. डिसेंबर २००२ च्या हरीश उप्पल खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा हक्क नाही, लाक्षणिकसुद्धा नाही. निषेध करायचा तर पत्रक काढा, मुलाखत द्या, दंडाला फीत बांधा, कोर्टाच्या आवाराबाहेर शांततेत मोर्चा काढा, धरणं धरा, साखळी उपोषण करा. वकिली किंवा न्यायव्यवस्थेची प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्यच पणाला लागलं असेल, अशा अगदी विरळ प्रसंगी एका दिवसाच्या बहिष्काराकडे कोर्ट काणाडोळा करू शकेल. त्यापुढे नाही.

असं का? समजा, नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात एक पोरगा कच्चा कैदी म्हणून आहे. तुमच्याच वयाचा. त्याच्या जामिनाची तारीख मंगळवारची. मंगळवारी बहिष्कार. पुढची तारीख पंधरा दिवसांनी. सिन्नरहून आलेली त्याची आई कोर्टाच्या आवारात दुपारपर्यंत बसते आणि शेवटची बस पकडून परत जाते. वकिलांचा राग सरकारवर होता. पंधरा दिवस आत काढले त्या पोराने. या आंदोलनाला त्याची संमती कोणी विचारली होती?

इथे वकिलाचं आंदोलन इतरांपेक्षा वेगळं होतं. कामगाराने संप केला तर पगार त्याचा कापला जातो. विद्यार्थ्याने लेक्चरवर बहिष्कार घातला तर हजेरी त्याची जाते. वकिलाने वकीलपत्र घेतलं म्हणजे दुसऱ्याचं स्वातंत्र्य, घर, जमीन त्याच्या हातात असते. त्या हाताची मूठ वळून घोषणा द्यायची, तर आधी हातातलं दुसऱ्याचं काही चिरडत नाही ना, हे बघावं लागतं.

‘या आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये’ या ठरावांचंही तसंच. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर कसाबबाबत मुंबईतल्या एका वकील संघटनेने असा ठराव केला होता. त्यामागची चीड समजण्यासारखी होती. पण आरोपीला वकीलच मिळाला नाही, तर खटल्याला खटला कोण म्हणेल? २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या खटल्यात असे ठराव बेकायदा आणि व्यवसायाच्या परंपरेला काळिमा फासणारे ठरवले.

याला अपवाद नाही का? पाकिस्तानचं उदाहरण दिलं जातं. २००७ मध्ये लष्करशहा मुशर्रफ यांनी सरन्यायाधीशांना दूर केलं, तेव्हा तिथले वकील काळ्या कोटातच रस्त्यावर आले, कोर्टांवर बहिष्कार घातला, लाठ्या खाल्ल्या. न्यायाधीश परत आले ते २००९ मध्ये. पण फरक बघा. तिथे कोर्टच काढून घेतलं जात होतं. घराला आग लागल्यावर खिडकी फोडावी लागते. म्हणून रोज काचा फोडत फिरायचं नसतं.

एकच फूटपट्टी

मग आंदोलक वकिलाला मोजायचं कसं? मला एक साधा प्रश्न उपयोगी वाटतो : या आंदोलनाची किंमत कोण मोजतंय?

१९२२ मध्ये गांधी अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफिल्डसमोर उभे राहिले, आरोप कबूल केला आणि कायद्यात असेल ती कमाल शिक्षा द्या म्हणाले. सहा वर्षांची झाली. किंमत त्यांनीच मोजली. २०२० मध्ये प्रशांत भूषण यांना न्यायव्यवस्थेवरच्या दोन ट्वीटबद्दल अवमानाचे दोषी ठरवलं गेलं. माफी मागायला त्यांनी नकार दिला, एक रुपया दंड झाला, तो भरला. ट्वीट पटो न पटो, त्यात कोणा अशिलाचं नुकसान नव्हतं, कोणाच्या अंगावर हात नव्हता आणि शिक्षेपासून पळ काढणं नव्हतं.

उलट २०१६ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या पतियाळा हाउस कोर्टात काळ्या कोटातल्या लोकांनी विद्यार्थ्यांना आणि पत्रकारांना मारहाण केली. देशप्रेमाच्या नावाने झालं, पण मार खाल्ला तो दुसऱ्यांनी. भर कोर्टात बूट फेकणंही याच रांगेतलं. कोर्टात वकिलाचं हत्यार म्हणजे युक्तिवाद. तो सोडून ज्याने वस्तू उचलली, त्याने वकिली त्या क्षणी स्वतःच सोडली.

हीच फूटपट्टी बार कौन्सिललाही लावायला हवी. शिक्षा कशाची करताय? अशिलाचं नुकसान, हिंसा, फसवणूक, कोर्टाच्या वजनाचा गैरवापर, यांची असेल तर ठीक. पण शिक्षेचं खरं कारण ‘याची मतं आवडत नाहीत’ हे असेल, तर आपण १९०९ च्या ग्रेज इनच्या रांगेत जाऊन बसतो. नोटीस, सुनावणी, कारणं दिलेला आदेश, अपील, हे सगळं बूट फेकणाऱ्यालाही मिळायला हवं. तो आवडता नाही म्हणून तर जास्तच. आणि गाऊनचा नियम एकाच्या आंदोलनाला लावायचा आणि दुसऱ्याच्या वेळी नजर वळवायची, असं झालं तर नियमाची इज्जत जाते.

मग सनद मिळणार की नाही?

आता टपरीवरच्या प्रश्नाकडे येऊ. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम २४-अ सांगतं, की नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सनद मिळत नाही. सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते. यातला शब्द आहे ‘दोषी ठरलेला’. नुसता गुन्हा दाखल होणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे. आणि प्रत्येक गुन्हा नैतिक अधःपतनाचाही नसतो. फसवणूक, चोरी, लाचखोरी यांत मनाची नियत दिसते. जमावबंदी असताना शांतपणे मोर्चात चालणं ही त्या जातीची गोष्ट नाही. दगड मारणं, एसटी जाळणं, कोणाला बडवणं ही मात्र शांत आंदोलनाच्या नावाखाली लपणारी गोष्ट नाही. तिथे हिशेब बदलतो.

खरा धोका वेगळाच आहे. सनदेच्या अर्जात गुन्ह्यांची माहिती विचारतात, तेव्हा ‘कोणाला कळतंय’ म्हणून ती लपवण्याचा मोह होतो. तसं करू नका. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून सनद मिळवली असेल तर नाव यादीतून काढण्याची तरतूद कायद्यातच आहे. मोर्चात गेलात याचं स्पष्टीकरण देता येतं. खोटं बोललात याचं काय देणार? वकिलाच्या धंद्यात शेवटी शब्दावर विश्वास एवढंच भांडवल असतं.

त्याच कलम २४-अ मध्ये आणखी एक ओळ आहे, ती नाशिककरांनी मुद्दाम वाचावी. अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयीच्या १९५५ च्या कायद्याखाली जो दोषी ठरला, त्यालाही सनद नाही. म्हणजे जातीवरून कोणाला देवळाच्या दारात अडवलं आणि तो गुन्हा सिद्ध झाला, तर त्या अडवणाऱ्याला वकिलीचं दारही बंद. अपात्रता तीच, मुदतही तीच.

१९३० मध्ये काळारामाच्या दरवाजाबाहेर जे बसले होते, ते सरकारदरबारी शांततेला धोका मानले जात होते आणि दार लावून घेणारे आत प्रतिष्ठित होते. आज कायद्याच्या लेखी जागा बदलल्या आहेत. हे बूट फेकून झालेलं नाही आणि घरी बसूनही नाही. त्यासाठी काही लोक उन्हात दारासमोर बसले, आणि त्यांच्यातला एक जण कोर्टातही उभा राहिला.

तेव्हा पुढच्या वेळी सीबीएसवर मोर्चा निघाला आणि मुद्दा पटला, तर जरूर जा. लॉला असाल तरी जा. उद्या वकील झालात तरी जा, फक्त बँड आणि गाऊन बॅगेत ठेवा आणि त्या दिवशीची तारीख आधी उरकून घ्या. सिन्नरची ती आई कोर्टात वाट बघत असेल.